प्रबंध : एक शब्द, दोन अर्थ
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत लिंबायत, सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



शताब्दी व्याख्यानमालेतील एक व्याख्यान शहरातील जुन्या वास्तूत न घेता रेल्वेरुळांच्या या बाजूला, लिंबायतीत घ्यावे, असे कार्यकारिणीने ठरविले आणि त्यासाठी इथल्याच एका गल्लीत वाढलेल्या मराठीच्या प्राध्यापकाची आठवण ठेवली, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. कार्यवाहांनी दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अहिराणी ओव्यांची किंवा बहिणाबाईंच्या कवितेची असावी. मी म्हणालो, "व्यवस्थापन संस्थांमध्ये अर्थशास्त्र आणि व्यूहनीती या विषयांत पीएच.डी.चा जो अभ्यास होतो, त्यावर बोलेन." पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग ते सौजन्याने म्हणाले, "सर, आपण म्हणाल तसे." त्या शांततेला उत्तर देणे हे आजचे माझे पहिले काम आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. एम.ए. मराठीत केले आणि तेव्हापासून तापीच्या वरच्या अंगाला, नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठीच शिकवीत आलो. आज जे सांगणार आहे ते काही वाचून, काही जाणकारांना विचारून, आणि बरेचसे एका मुलीकडून शिकून सांगणार आहे. ती याच वस्तीतली. तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. तिची कबुली द्यावी म्हणूनही हा विषय निवडला.

मराठीचा शिक्षक शब्दापासूनच सुरुवात करणार. आपण मराठीत 'प्रबंध' म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर जाडजूड बांधणीचा, विद्यापीठाला सादर केलेला ग्रंथ येतो. रुळांपलीकडच्या गुजराती माणसाला हाच शब्द ऐकवा. त्याच्या मनात येईल ती व्यवस्था, बंदोबस्त, कारभार. ज्याला आपण प्रबंध म्हणतो त्याला तो 'महानिबंध' म्हणतो. लिंबायतीतला मुलगा दोन्ही भाषांत वावरतो, त्यामुळे त्याच्या कानावर हा एक शब्द दोन्ही अर्थांनी पडत असतो. कारभाराविषयी प्रबंध लिहिणे, म्हणजे प्रबंधाचा प्रबंध, हे या विद्याशाखेचे वर्णन मला कोणत्याही पारिभाषिक व्याख्येपेक्षा अधिक सोयीचे वाटते. तिचे रीतसर मराठी नाव 'व्यवस्थापकीय अर्थशास्त्र'. ते उच्चारताना जीभ दोनदा अडखळते, पण त्याला इलाज नाही. 'स्ट्रॅटेजी'ला कोणी व्यूहनीती म्हणतात, कोणी डावपेच. मला पहिला शब्द फार युद्धातला आणि दुसरा थोडा लबाडीचा वाटतो. तथापि पहिलाच पत्करतो.

आता हा कारभार म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला या सभागृहाबाहेर दोनशे पावलेसुद्धा जावे लागणार नाही. एका साडीचा प्रवास आठवा. पॉलिएस्टरचे यार्न एकाकडून येते, त्याला पीळ दुसरा देतो, बीम तिसरीकडे भरला जातो. लूम्सच्या खात्यात ग्रे कापड विणले जाते. ते ताके रिंग रोडच्या मार्केटमधला व्यापारी घेतो. तो ते रंगाई-छपाईसाठी पांडेसऱ्याच्या किंवा पलसाण्याच्या मिलमध्ये पाठवितो. तिथून माल भरतकामाच्या यंत्रांवर जातो. आणि शेवटी टेम्पोतून गठ्ठे उतरतात ते आपल्या दारात. आपल्या आया-बहिणी लेस लावतात, खडे चिकटवितात, भरतकामाच्या मागच्या बाजूचे सुटे धागे कात्रीने कापतात. मग माल परत जातो, घडी होते, पेटी बांधली जाते आणि साडी देशभर निघते. ज्या व्यापाऱ्याचे नाव त्या पेटीवर असते, त्याच्या मालकीचा बहुधा एकही माग नसतो, रंगाची एकही टाकी नसते, आणि कात्री तर नसतेच नसते.

याच्या शेजारी मुंबईचे गिरणगाव ठेवून पाहा. तिथल्या मोठ्या गिरणीत कापूस एका दाराने आत जाई आणि छापील कापड दुसऱ्या दाराने बाहेर येई. कताई, विणाई, रंगाई सर्व एका छपराखाली, एका भोंग्यावर, एका हजेरीपटावर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर ते गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. संप हे त्याचे एकमेव कारण होते असे कोणीही जाणता म्हणणार नाही. यंत्रमागावरचे स्वस्त कापड त्याआधीपासूनच गिरण्यांना पोखरीत होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि हे आपले सुरत वाढत होते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे ज्या काळात या बाजूला आली, तो हाच काळ. माझे वडीलही त्यांतलेच. एका छपराखालचे काम शंभर छपरांखाली विखुरले जात होते, आणि त्या शंभरांपैकी एका पत्र्याच्या छपराखाली आम्ही राहत होतो.

मग प्रश्न असा पडतो की, एकच काम कधी एका छपराखाली का होते आणि कधी शंभर छपरांखाली का? मालकाने कोणते काम स्वतःकडे ठेवावे आणि कोणते बाहेरून करून घ्यावे? वरवर पाहता हा एखाद्या शेठजीने दुपारच्या चहावर सोडवावा असा प्रश्न. पण याच प्रश्नावर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले आहे, तेही एकदा नव्हे.

रोनाल्ड कोस हे इंग्लंडमधले बी.कॉम.चे विद्यार्थी होते. बी.कॉम. हा शब्द मी मुद्दाम उच्चारतो, कारण लिंबायतीतली निम्मी मुले बी.कॉम.ला जातात आणि त्याविषयी थोडे ओशाळून बोलतात. १९३१-३२ साली एक प्रवासवृत्ती घेऊन ते अमेरिकेस गेले. वय एकवीस. तिथे ते कारखान्यांत हिंडले, फोर्ड आणि जनरल मोटर्सकडे गेले, आणि भेटेल त्या व्यावसायिकाला विचारीत राहिले की ही वस्तू तुम्ही स्वतः का बनविता आणि ती दुसरी विकत का घेता? बाजार जर सर्व काही योग्य भावाने जुळवून देतो, असे पुस्तके म्हणतात, तर मग कंपनी नावाची गोष्ट मुळात कशाला हवी? त्यांचे उत्तर थोडक्यात असे : बाजार वापरण्यालाही खर्च येतो. भाव ठरविणे, माणूस शोधणे, करार करणे, तो पाळला गेला का हे तपासणे, यांत वेळ जातो आणि पैसा जातो. हा खर्च जिथे जास्त होतो तिथे माणूस काम घरात ओढून घेतो. जिथे कमी होतो तिथे बाहेर देतो. 'फर्मचे स्वरूप' या विषयावरचा हा छोटासा लेख १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्याची थोरवी जगाला पटायला फार काळ गेला. कोस यांना नोबेल मिळाले ते १९९१ साली, वयाच्या ऐंशीनंतर. त्याच वाटेने पुढे गेलेल्या ऑलिव्हर विल्यमसन यांना ते २००९ साली मिळाले. विल्यमसन यांची पीएच.डी. १९६३ सालची, कार्नेगी इन्स्टिट्यूटची, जिथे १९४९ साली स्थापन झालेल्या व्यवस्थापन शाळेत अर्थशास्त्र, संघटनशास्त्र आणि गणित यांचा संगम घडत होता.

व्यवस्थापन शाळेत पीएच.डी. कशाला, ती तर विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात होते, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. माझ्याही आले होते. आपल्याकडे व्यवस्थापन संस्था म्हटले की दोन वर्षांची पदवी, टाय, आणि वर्तमानपत्रात छापून येणारा पगाराचा आकडा एवढेच दिसते. पण या संस्थांच्या पोटात एक लहान, शांत, फारशी जाहिरात नसलेली खोली असते, तिथे पीएच.डी.चे थोडेसे विद्यार्थी बसलेले असतात. जोएल डीन यांच्या १९५१ सालच्या ग्रंथाने 'मॅनेजरियल इकॉनॉमिक्स' हे नाव रूढ केले, त्यानंतर या खोलीचे महत्त्व वाढत गेले. शिकागोजवळच्या केलॉग या व्यवस्थापन संस्थेत १९८० सालच्या आसपास बेंग्ट होल्मस्ट्रॉम, पॉल मिलग्रॉम आणि रॉजर मायर्सन हे तिघे तरुण प्राध्यापक एकाच विभागात होते. पुढे तिघांनाही नोबेल मिळाले : मायर्सन यांना २००७ साली, होल्मस्ट्रॉम यांना २०१६ साली, मिलग्रॉम यांना २०२० साली. त्यांपैकी होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रॉम यांनी स्वतःची पीएच.डी. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्येच केली होती.

होल्मस्ट्रॉम यांच्याविषयी थोडे अधिक सांगतो, कारण त्यांच्या कामाचा आपल्या दारातल्या गठ्ठ्याशी थेट संबंध आहे. हे गृहस्थ फिनलंडचे. संशोधनाकडे वळण्यापूर्वी ते तिथल्या एका मोठ्या औद्योगिक कंपनीत नियोजनाचे काम करीत. माणसाचे कष्ट मालकाला दिसत नसतील, तर त्याला पैसे कशावर द्यावे, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १९९१ साली त्यांनी मिलग्रॉम यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले गणित मला समजत नाही, पण सार समजते. कामाला अनेक अंगे असतात. काही मोजता येतात, काही येत नाहीत. तुम्ही मोजता येणाऱ्या अंगावरच पैसे दिलेत, तर माणूस न मोजता येणाऱ्या अंगाकडे दुर्लक्ष करील, आणि तो दोष त्याच्या स्वभावाचा नसून तुमच्या हिशेबाचा असेल. नगावर पैसे द्या. नग वाढतील, सफाई घटेल. साडीमागे दर ठरवून दिलेल्या बाईने भराभर कात्री चालविली आणि एखाद्या ठिकाणी कापडालाच चीर गेली, तर पैसे कापले जातात. हे लिंबायतीत कोणाला ठाऊक नाही? फरक इतकाच की आपण त्याला नशीब म्हणतो आणि त्यांनी त्याचा सिद्धांत केला.

इथे त्या मुलीचा प्रवेश होतो. तिचे नाव घेत नाही. तशी तिची विनंती आहे. वडील मागावर, आई घरी धागे कापणारी. लहानपणी ही मुलगी आपल्या ग्रंथालयाच्या फिरत्या पेटीतली पुस्तके घेऊन त्या गठ्ठ्यांवर बसून वाचीत असे. बी.कॉम. झाली, मग अर्थशास्त्रात एम.ए. झाली. एका दिवाळीत मी आईला भेटायला इकडे आलो होतो, तेव्हा ती आली. म्हणाली, "काका, मला एक विचारायचंय. व्यापारी एवढे गठ्ठे टेम्पोने घरोघर का पाठवतो? भाडं लागतं, माल हरवतो, डाग पडतात. एक हॉल घेऊन सगळ्या बायकांना तिथंच का बसवत नाही?" मी म्हणालो, हॉलचे भाडे पडते म्हणून. ती म्हणाली, "मग भरतकामाची यंत्रं हॉलमध्ये का?" मला उत्तर देता आले नाही. मग तिने सांगितले की तिला यावरच पीएच.डी. करायची आहे, आणि तीही एखाद्या व्यवस्थापन संस्थेत, कारण अशा प्रश्नांची माणसे तिथे बसतात असे तिने वाचले होते.

तिचे वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी अहिराणीतच विचारले, "पाच वरीस शिकीसन काय व्हई, सर?" पाच वर्षांनी मुलगी सत्तावीस वर्षांची होणार, हा त्या प्रश्नाचा न बोललेला अर्धा भाग होता. आणि मी, ज्याने आयुष्यभर वर्गात ज्ञानाच्या महतीवर व्याख्याने दिली, त्या मुलीला सांगितले, "अगं, आधी बँकेची परीक्षा दे. घराला हातभार लाव. पीएच.डी. कुठे पळून जाते?" वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मुलगी काही बोलली नाही. तिने बँकेची परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली आणि दुसऱ्या गावी काउंटरवर बसू लागली.

माझा सल्ला वाईट होता असे त्या वेळी कोणीही म्हटले नसते. पण तो मी अज्ञानातून दिला. मला वाटत होते की पीएच.डी. म्हणजे घरचे पैसे खर्चून पाच वर्षे बसणे. वस्तुतः आपल्या भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क माफ असते आणि वर दरमहा छात्रवृत्ती मिळते. इथून रेल्वेने चार-पाच तासांवर अहमदाबाद आहे. तिथली भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली आणि १९७१ साली तिने हा संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. या संस्थांना पूर्वी पदवी देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून तिथून बाहेर पडणाऱ्या विद्वानाला 'फेलो' म्हणत. २०१७ चा कायदा जानेवारी २०१८ अखेर लागू झाला, तेव्हापासून त्या पीएच.डी. देऊ लागल्या. 'फेलो' या अनाकलनीय शब्दामुळे आपल्यासारख्या घरांतून किती मुले तिकडे फिरकलीच नसतील, कोण जाणे. मी प्राध्यापक असून मला हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची तसदीही मी घेतली नव्हती.

पैशावाचून अडलेल्या प्रबंधाची सर्वांत मोठी कथा याच लोहमार्गाने गेलेली आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० पासून आपल्या राज्यात गावोगाव ग्रंथालये उघडण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले. शेजारची नवसारी त्याच राज्यातली. त्याच महाराजांच्या छात्रवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली अर्थशास्त्र शिकले. तिथून १९१६ साली ते लंडनला गेले. पण छात्रवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके ती बोट पाणतीराने बुडविल्यामुळे समुद्रात गेली. कराराप्रमाणे ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तर त्या शहरात राहायला जागा मिळेना. का, ते आपल्याला माहीत आहे. लंडनचा अभ्यास पुन्हा हाती घ्यायला १९२० साल उजाडले. त्यासाठी स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडची उसनवारी असे सारे एकत्र करावे लागले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली पूर्ण झाला. कोलंबियाची पीएच.डी. तर रीतसर हाती पडली ती १९२७ साली. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा तो ग्रंथ आणि रुपयावरचा प्रबंध, दोहोंत तत्त्वचर्चेपेक्षा सरकारी हिशेबाची रकान्यांवर रकाने केलेली छाननी अधिक आहे. बाबासाहेबांची राज्यघटना घरोघर पोचली; त्यांचे अर्थशास्त्र अद्याप कपाटात आहे. या कथेत मधली जी तीन वर्षे आहेत, १९१७ ते १९२०, ती मला या मुलीची बँकेतली वर्षे मोजताना आठवत राहिली. तुलना मोठ्या-लहानाची आहे, क्षमा असावी.

मुलीनेच मला दुसरे एक नाव सांगितले. मुंबईत १९४४ साली जन्मलेले अविनाश दीक्षित. मुंबईत बी.एस्सी., केंब्रिजला गणित, आणि १९६८ साली अमेरिकेतील एम.आय.टी.ची पीएच.डी.; पुढे प्रिन्स्टनला दीर्घकाळ अध्यापन, आणि २०१६ साली पद्मविभूषण. व्यूहनीतीच्या अभ्यासात त्यांच्या १९८० सालच्या एका निबंधाला मोठे स्थान आहे. समजा, एका गल्लीत एकच खाते आहे. नवा माणूस दुसरे टाकू पाहतो. जुना मालक म्हणतो, "आलास तर भाव पाडीन." ही धमकी नव्याने खरी का मानावी? भाव पाडण्यात जुन्याचेही नुकसान आहे. पण जुन्याने आधीच जादा माग बसवून ठेवले असतील, आणि ते भंगाराखेरीज कोणत्याही भावाने विकता येणारे नसतील, तर त्याची धमकी खरी होते. कारण आता मागे फिरणे त्यालाच परवडणारे नाही. स्वतःचे परतीचे दोर कापणे ही व्यूहनीती ठरू शकते! सिंहगडावरचे दोर कापल्याची गोष्ट आपण लहानपणापासून सांगतो. त्या गोष्टीवर असे गणित मांडता येते, हे मात्र मला पन्नाशीत कळले.

दीक्षितांचा पिंडिक यांच्यासह लिहिलेला १९९४ सालचा दुसरा ग्रंथ अनिश्चिततेतील गुंतवणुकीवर आहे. खर्च एकदा केला की परत मिळणार नसेल आणि पुढचे चित्र धूसर असेल, तर थांबण्यालाही किंमत असते, असे त्याचे सूत्र. साधे यंत्रमाग काढून रॅपिअर किंवा वॉटरजेट बसवावेत का, या विवंचनेत सुरतेतल्या लहान खातेदारांची अनेक वर्षे गेली आहेत. १९९९ साली केंद्र सरकारने तंत्रज्ञान सुधारण्यासाठी अनुदानाची योजना आणली तरीही पुष्कळ जण थांबून राहिले. बाहेरून पाहणारा त्यांना आळशी, जुनाट म्हणतो. दीक्षित वाचलेला तसे सहजासहजी म्हणणार नाही. हे सूत्र ऐकून मला जरा हायसे वाटले. मी मुलीला म्हणालो, "म्हणजे मी तुला थांबायला सांगितले ते शास्त्रशुद्धच होते की!" ती हसली. म्हणाली, "काका, थांबण्याला किंमत असते ती थांबल्यानं काही नवं कळणार असेल तर. काउंटरवर मला काय नवं कळणार होतं?"

तरीही दोन वर्षांनी तिने स्वतःच राजीनामा दिला, प्रवेशपरीक्षा दिली आणि एका व्यवस्थापन संस्थेत प्रवेश मिळविला. आज ती तिसऱ्या वर्षात आहे. वडिलांनी होकार कसा दिला हे मला नीटसे माहीत नाही. छात्रवृत्तीचा पहिला हप्ता घरी आला तेव्हा ते दिवसभर मागावर कोणाशी बोलले नाहीत, एवढे वहिनींनी सांगितले.

अभ्यास कसा असतो, हेही इच्छुकांसाठी सांगितले पाहिजे. पहिली दोन वर्षे वर्गातली : सूक्ष्म अर्थशास्त्र, गेम थिअरी, अर्थमिती, आणि गणित, गणित, गणित. तिथे तिला रडू कोसळले होते. भाषेचा अडसर लोक समजतात तितका मोठा नसतो, गणिताचा असतो. आणि गणिताला गुजराती, मराठी, इंग्रजी काहीच लागत नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यानंतर एक सर्वंकष परीक्षा. ती ओलांडल्याशिवाय प्रबंधाला हात लावता येत नाही. मग प्रबंध, आणि तोही आपल्या मराठी प्रबंधासारखा सहाशे पानांचा, 'उपोद्घात' ते 'समारोप' असा नसतो. बहुधा तीन स्वतंत्र निबंध असतात, एकेक प्रश्न घेऊन लिहिलेले. आमच्याकडे एकेका कवीवर, त्याच्या चरित्रापासून छंदांपर्यंत सर्व काही कोंबलेले प्रबंध मी परीक्षक म्हणून वाचले आहेत. त्यांत प्रश्न कोणता हे शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही. हे माझ्याच व्यवसायाविषयी बोलतो आहे, तेव्हा कोणी रागावू नये.

आपल्या गल्ल्यांवर आजवर प्रबंध लिहिले गेले नाहीत असे नाही. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकारंभापासून दक्षिण गुजरातेत येत राहिले. इथल्या अस्थिर मजुरांवरचा त्यांचा ग्रंथ १९९६ सालचा. डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराने पश्चिम भारतातल्या लहान गावांतील विणकर भांडवलदारांवर २०१२ साली पुस्तक लिहिले. सुरतेत आय. पी. देसाईंनी स्थापन केलेले समाजविद्या अभ्यासकेंद्र आहेच. आणि मराठीच्या अंगणात पुण्याची गोखले संस्था. रा. ब. काळे यांच्या देणगीतून १९३० साली ती उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजला असताना भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर केलेला अभ्यास १९२४ साली ग्रंथरूपाने आला आणि पिढ्यान्पिढ्या वाचला गेला. त्याच संस्थेतून १९४७ साली आर. जी. काकडे यांचा सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी करणारा ग्रंथ निघाला. घरात माग किती, कर्ज किती, बायका कोणते काम करतात, असे त्यांनी घरोघर जाऊन विचारले. गाडगीळ, काकडे यांची ही सारी पुस्तके इंग्रजीत. आपल्या ग्रंथालयाच्या अर्थशास्त्राच्या फळीवर काल मी नजर टाकली : स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके, शेअरबाजारात श्रीमंत होण्याची दोन पुस्तके, आणि एक जुना पारिभाषिक कोश. फळीचा हा दोष फळीचा नव्हे. मराठीत या विषयावर लिहिणारे आम्हीच नाही आहोत. शताब्दीच्या निमित्ताने विश्वस्तांनी त्या फळीसाठी काही रक्कम बाजूला ठेवली तर मी माझ्याकडची भर घालीन, असे कार्यवाहांना कळविले आहे.

आणखी एक विनंती आहे, ती मुलीच्या वतीने. गेल्या महिन्यात ती आली होती. तिच्या संशोधनाला आकडे हवेत, आणि घरी होणाऱ्या या कामाचे आकडे कुठल्याही कार्यालयात मिळत नाहीत. शेवटी ते तिला स्वतःच्या घरातच सापडले. वहिनींनी कित्येक वर्षे एका वहीत नोंद ठेवली होती : आलेला गठ्ठा, साड्या किती, परत किती, दर काय, कापले किती, आणि कापले ते कशाबद्दल. फसवणूक होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. तिच्या मार्गदर्शकांनी ती वही पाहिली आणि त्याच खुर्चीत बसून दीड तास पाने उलटीत राहिले, असे ती सांगते. या सभागृहात बसलेल्या किती घरांतून अशा वह्या असतील! धागे कापणाऱ्यांच्या, बीम भरणाऱ्यांच्या, खातेदारांच्या, टेम्पोवाल्यांच्याही. रद्दीत देण्यापूर्वी त्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. नावे झाकून त्यांच्या प्रती काढू आणि वही परत करू. ग्रंथालयाच्या जुन्या सभासद-नोंदवहीत 'व्यवसाय' हा रकाना आहे, तीही तिला पाहू द्यावी, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.

वहिनींच्या वहीची पहिली चार पाने नाहीत. त्यांवर काय होते, असे मुलीने विचारले. वहिनी म्हणाल्या, "किराण्याची यादी करायला फाडली असतील. मला काय ठाऊक, तू त्यावर परीक्षा देणार आहेस म्हणून!"